फौजदाराचं मुसकं

१४ फेब्रुवारी १९७३, बुधवार. वसतिगृहाची कोठी झाडायला काढली होती. पोती बाहेर ओढायची, खालच्या फळ्या उन्हात टाकायच्या, भिंतीलगतची भुकटी खरवडायची आणि शेवटी कडुलिंबाचा पाला पेटवून दार लावून घ्यायचं. वर्षातून दोनदा व्हायला हवं असं हे काम. सहा वर्षांत ते मला एकदाही मनासारखं करता आलं नव्हतं, कारण कोठी मामांची होती. म्हणजे कागदोपत्री ती संस्थेची होती आणि अधीक्षिका म्हणून माझ्या ताब्यात होती. पण हे मामांना कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकलं नव्हतं. आता ते चार दिवस जामखेडला गेले होते. मी संधी साधली.

मामा म्हणजे आमचे कोठीवाले. शेवगावातल्या आमच्या वसतिगृहात तेव्हा त्रेचाळीस मुली होत्या, पार तिकडच्या राजूरपासून आलेल्या. त्यांना रोजचं धान्य मापून काढून देणं हे मामांचं काम. ते काम ते चोख करत. एवढं एक वाक्य मी त्यांच्या बाजूनं लिहिते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी.

बुटका माणूस. खाली खाकी हाफ पँट आणि वर डॉक्टर लोक घालतात तसला पांढरा कोट, कुणीतरी टाकून दिलेला, गुडघ्याच्या खाली पोचणारा. कोटाच्या उजव्या खिशात चाव्या. डाव्या खिशाला आतून फ्लॅनेलचं अस्तर शिवलेलं होतं, कारण त्या खिशात फौजदार बसायचा. फौजदार हा गिनीपिग. उंदरापेक्षा मोठा, सशापेक्षा लहान, शेपूट नाही, अंगावर तांबडे-पांढरे पट्टे. मुली त्याला गिनी डुक्कर म्हणायच्या. मामांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं, कारण पाल्याची सळसळ ऐकली की तो शिट्टी मारायचा. नुसती चीची नाही, कान फाटेल अशी शिट्टी. पहाटे साडेपाचला मामा कोठीचं कुलूप काढत, त्या कुलपाच्या आवाजाला पहिली शिट्टी व्हायची आणि माझ्या मुलींची झोप मोडायची. मी तक्रार केली तर मामा म्हणाले, "बरंच हाय की. तुमाला घंटा द्यायला नको."

धान्याच्या कोठीत जनावर ठेवायचं नाही, हे कुठल्याही शहाण्या माणसाला सांगावं लागू नये. मी चार वेळा त्याचं खोकं बाहेर काढायला लावलं. चारही वेळा दुसऱ्या दिवशी ते आत. शेवटी मी उंदरांसाठी म्हणून एक मांजर आणलं. मनात थोडं दुसरंही होतं, नाकारत नाही. मामांनी त्या मांजराला दूध पाजलं, पिशवीत घातलं आणि ज्या घरून मी आणलं होतं तिथं पायी चालत नेऊन पोचवलं. वर निरोप, "बाईंचा विचार बदलला."

मामा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नसत. ताटाकडे बघून बोलत. जेवणं झाली की मोरीपाशी उभे राहायचे आणि ताटं घासायला पडण्याआधी प्रत्येक ताट निरखायचे. कुणी भाकरीच्या कडा टाकल्या, कुणी आमटी टाकली, सगळं त्यांच्या ध्यानात. आणि त्यांचा एक प्रश्न ठरलेला होता. मुलगी असो, मास्तर असो, पाहुणा असो, "खाल्लं काय ते नका सांगू. टाकलं काय ते सांगा."

टाकलं म्हणजे ताटात नव्हे, परसाकडला; याहून जास्त सांगायला नको. त्रेचाळीस मुलींच्या वसतिगृहात पुरुषमाणसानं असला प्रश्न विचारायचा! मी किती वेळा दटावलं. एकदा संस्थेकडून वसतिगृह तपासायला एक साहेब आले. मुक्कामी होते. रात्रीच्या पंगतीत दुसरी भाकरी नको म्हणाले. मामा वाढप्याच्या मागे उभे. सगळ्यांसमोर म्हणाले, "सायेब, आज झालं न्हाई काय?"

मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. रात्रभर मी अहवालात काय लिहितील या विचारात जागी. सकाळी साहेबांनी मला बाजूला बोलावलं आणि हळूच विचारलं, "बाई, तुमच्या त्या कोठीवाल्यांकडे एरंडेल मिळेल का?"

अहवाल चांगला आला. पण म्हणून प्रश्न विचारणं बरोबर ठरत नाही.

त्यांचं सगळं शास्त्र त्या एका जनावरावर उभं होतं. रोज सकाळी कोठी उघडली की आधी फौजदाराची तपासणी, मग माझं धान्य. मी ताटकळत उभी. मामा त्याला तराजूच्या पारड्यात ठेवायचे, वजन खडूनं भिंतीवर लिहायचे. मग उताणा करून एकेक बघायचे. पुढचे दात वाकडे वाढलेत का. हनुवटी ओली आहे का. डोळ्याच्या कडेला पापुद्रा, नाकाला पाणी. पावलाचे तळवे लाल, बुड घाण. शेवटी त्याच्या कुशीला कान लावून पोट गुरगुरतंय का ते ऐकायचे. आणि मग खोक्यातल्या लेंड्या बघायच्या. किती, केवढ्या, ओल्या की सुक्या. त्या हातानं धान्याला शिवायच्या आधी हात धुवायचे, तेवढं मी त्यांच्याकडून करून घेतलं होतं.

"एवढं रोज कशाला?" मी एकदा विचारलं. "आजारी पडला तर दिसेलच की."

"न्हाई दिसत," मामा म्हणाले. "ह्या जनावराला घार खाती, मांजर खातं, कोन बी खातं. दुखतंय म्हनून बसलं की गेलंच. म्हनून ते लपवतं. मरूस्तवर बरं असल्यावानी बसतं. केस फुलले, पाठ कुबडी झाली, कोपऱ्यात तोंड केलं, हे तुमाला दिसाया लागलं म्हंजी दोन दिस उशीर झाला बगा. आनि शिट्टी. शिट्टी थांबली की समजायचं."

"मग ती थांबावी अशी माझी फार इच्छा आहे," मी म्हटलं. तेव्हा मला ते विनोदी वाटलं होतं.

हे सगळं ते शिकले कुठं, ते मला पुष्कळ उशिरा कळलं, तेही मी डाळ निवडताना खोदून खोदून विचारलं म्हणून. नगरला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत ते बारा वर्षं होते. तिथं क्षयाच्या तपासणीसाठी गिनीपिग ठेवायचे. रोग्याच्या थुंकीतलं टोचायचं आणि वाट बघायची. जनावर आजारी पडलं तर माणसाला क्षय आहे. "आजारी पडावं म्हनूनच टोचायचं," मामा म्हणाले, "आनि पडलं का, ते वळखायचं काम माझं. मी लई लवकर वळखायचो. डाक्टर खूश असायचे." एवढं सांगून ते पोतं झाडायला लागले. फौजदाराचा बाप त्यांनी तिथून नोकरी सोडताना डब्यात घालून आणला होता, हे नंतर सांगितलं. चोरून की विचारून, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही असतं, आणि मग मला ते माहीत असणं भाग पडलं असतं.

तर, जामखेड. आदल्या शनिवारी दुपारी मामा माझ्या दारात आले. हातात खोकं.

"बाई, भैन लई आजारी हाय. पाथर्डीची एसटी धरतो. चार दिस. फौजदार तुमच्याकडं."

"मला विचारलंत का?"

"आता इचारतोय न्हवं का."

खोकं माझ्या टेबलावर, माझ्या हजेरीपुस्तकावर ठेवलं. "कडबा कायम तोंडाम्होरं. डब्यातलं हिरवं दोनदा. शिट्टी आईकत ऱ्हावा." डबे म्हणजे रॉकेलचे दोन कापलेले डबे, त्यात ते मुलींच्या तोंड धुतलेल्या पाण्यावर लसूणघास वाढवत होते.

"आणि ते घाण खातं, त्याचं काय?" मी विचारलं. कारण हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मान पोटाखाली घालायची, मागून काढायचं आणि तसंच चावून गिळायचं. दिवसातून कितीतरी वेळा.

"खाऊ द्या," मामा म्हणाले आणि निघाले.

खाऊ द्या! गेल्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांनी माझ्या अर्ध्या मुली आडव्या झाल्या होत्या. मी उकळलेलं पाणी, नखं कापणं, राखेनं हात घासणं यासाठी त्यांच्या डोक्यावर बसत होते. आणि माझ्याच टेबलावर एक जनावर स्वतःची लेंडी खाणार आणि मी बघत राहणार? मी मामांच्या गबाळेपणाला दोष दिला. बारा वर्षं प्रयोगशाळेत काढून एका जनावराला एवढी सवय लावता आली नाही.

कौसल्या म्हणून अकरावीतली मुलगी होती, जवळच्याच खेड्यातली, शेतकऱ्याघरची, हुशार हातांची. ती म्हणाली, "बाई, आमच्याकडं वासरू माती खाया लागलं की तोंडाला जाळीचं मुसकं घालत्यात. आपोआप सवय मोडती."

मला ते पटलं. आजही सांगते, त्या क्षणी कुणालाही पटलं असतं. कौसल्यानं फाटक्या मच्छरदाणीच्या तुकड्याचं इवलंसं मुसकं शिवलं, नाडी ओवली. फौजदारानं दोनदा ते पंजानं काढून टाकलं, तिसऱ्यांदा तिनं कानांमागे पक्की गाठ मारली. मुसकं घालून खाता येत नाही, तेव्हा वेळ ठरवली. सकाळी दहाला अर्धा तास, संध्याकाळी सहाला अर्धा तास. माझ्या मुलींच्या जेवणाच्या ज्या वेळा, त्याच त्याच्या. दिवसभर चरत बसायची चैन त्या दुष्काळी वर्षी माणसांना नव्हती. कडब्याबरोबर मूठभर हरभऱ्याची डाळही भिजवून दिली. मी काही दुष्ट बाई नाही.

लसूणघासाच्या डब्यांना मी पाणी घातलं नाही. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा आणि तोंड धुतलेलं पाणीसुद्धा मी संडासासाठी साठवत होते. पाण्याच्या बाबतीत मी बरोबर होते. ते मी आजही कुणाला बोलू देत नाही.

रविवारी फौजदार दिवसभर शिट्ट्या मारत होता. सोमवारी दोन-तीनदाच. मंगळवारी गप्प. खोक्याच्या कोपऱ्यात अंग गोळा करून बसून राहिला, धावपळ नाही, गवत उडवणं नाही. खोकं इतकं स्वच्छ की झाडावं लागेना. बुधवारी सकाळी मुसकं काढलं तर डाळीवर झडपही घातली नाही, शांत बसून राहिला. मी मुलींना दाखवलं. म्हटलं, "बघा, जनावरालासुद्धा तीन दिवसांत शिस्त लागते. तुम्हांला सहा महिने लागतात."

असं मी म्हणाले. शब्द न् शब्द.

आणि मग कोठी झाडायला गेले. दुपारी तीनच्या सुमाराला फळ्या उन्हात मांडत होते, तेवढ्यात फाटक वाजलं. मामा. पांढरा कोट धुळीनं लाल. त्यांनी पसरलेल्या पोत्यांकडे पाहिलं नाही. कोठीच्या सताड उघड्या दाराकडे पाहिलं नाही. मी भांडणाच्या तयारीत कंबर कसून उभी होते, आणि माणूस नुसता उभा राहून कान देत होता.

"बाई," ते म्हणाले, "मी फाटक वाजीवलं. शिट्टी न्हाई आली."

"शिस्त लागली आहे त्याला," मी म्हटलं.

ते माझ्या खोलीकडे चालू लागले. मी मागोमाग. मुली शाळेतून नुकत्याच आल्या होत्या, त्या दाराशी गोळा झाल्या. मामांनी खोक्यात वाकून पाहिलं, मुसकं पाहिलं. हात घातला नाही. आधी विचारलं, "आज किती टाकल्या?"

"एकही नाही," मी सांगितलं. आणि सांगताना, काय सांगू, मला अजून थोडा अभिमान होता. "खोकं बघा कसं लख्ख आहे."

मामा खाली बसले. फौजदाराला मांडीवर घेतलं, दातांनी नाडीची गाठ तोडली, मुसकं काढून हातात उलटंपालटं करून पाहिलं. "टाका चांगला हाय," म्हणाले. "कुनी घातला?"

कौसल्या रडायला लागली. "मामा, वासराला घालत्यात म्हनून..."

"तुझा न्हाई गुन्हा. तुला वासराचं ठावं." मग माझ्याकडे वळले. पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. "बाई, गाय रवंथ करती का न्हाई?"

"करते."

"खाल्लेलं वर काढती, परत चावती, तवा तिच्या अंगी लागतं. व्हय ना? ह्याचं बी तेच हाय. गाय तोंडातनं काढती, हे तिकडनं काढतं. एवढाच फरक. घान न्हाई ती, रवंथ हाय. गाईचं रवंथ बंद केलं असतं का तुमी?"

दारातल्या मुलींपैकी निम्म्याजणींच्या घरी गाई होत्या. त्या सगळ्या एकदम समजल्या, आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

"आनि ह्याचं पोट रिकामं ठिवायचं नसतं. सारखं काहीतरी आत जावं लागतं, तरच म्होरं सरकतं. दोन वेळचं जेवान ह्याला चालत न्हाई. पाटाचं पानी थांबल्यावानी थांबतं."

"हे तुम्ही जाताना सांगायला काय झालं होतं?" माझा आवाज चढला. चढणारच. "खाऊ द्या, एवढंच म्हणालात! खाऊ द्या म्हणजे माणसानं काय समजायचं?"

"खाऊ द्यायचं असं समजायचं," मामा म्हणाले.

दारात कुणीतरी फिसकन हसलं. मी मागे वळून पाहिल्यावर थांबलं.

"एवढं कुबड काढून बसलंय, केस काटेरी झालेत, दिसलं न्हाई तुमाला?"

"गप्प बसलेलं दिसलं!"

"तेच तर." मामा जनावर कोटाच्या खिशात घालत होते. "तुमच्याकडं गप बसलेलं पोर म्हंजी गुनी पोर. माझ्याकडं गप बसलेलं जनावर म्हंजी दवाखाना."

हे सगळ्या मुलींसमोर. एकवीस वर्षं मी मुलींची वसतिगृहं सांभाळली. गोवर निस्तरला, कांजिण्या निस्तरल्या, एका मुलीचं अपेंडिक्स मी तिच्या चालण्यावरून ओळखून बैलगाडीतून दवाखान्यात नेलं. आणि मला हा कोठीवाला, मुली आणि उंदीर एका मापानं मोजून दाखवणार?

"माणसाची पोरं आणि उंदीर यांत फरक असतो, मामा!"

"असतो की," ते म्हणाले. "पोर कधीतरी तोंडानं सांगतं."

मी मुलींना अभ्यासाला पिटाळलं. शाळेतून येऊन अजून हातपायही धुतले नव्हते त्यांनी, पण पिटाळलं. मला राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. मामांवर ठेवावा तर ते बरोबर होते. कौसल्यावर ठेवावा तर परवानगी माझी. म्हणून मी परत कोठीत जाऊन भिंत खरवडली. त्या दिवशी खरवडली तेवढी ती भिंत पुन्हा कधी स्वच्छ झाली नाही.

दिवे लागायच्या आत पाहिलं, तर मामा रिकाम्या कोठीत पोत्यावर बसलेले. ज्वारीच्या पिठाची पाण्यासारखी पेज, त्यात लिंबाचे चार थेंब. औषधाच्या ड्रॉपरनं ते फौजदाराच्या गालाच्या कडेनं एकेक थेंब सोडत होते. तो गिळेपर्यंत थांबायचे. मधूनच दोन बोटांनी पोट चोळायचे, गोल गोल, हळू. मी उभी राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "बहीण कशी आहे?"

"गेली. सोमवारी."

ड्रॉपर खाली आला नाही. थेंब सोडला, वाट पाहिली, फौजदारानं गिळला.

मला तेव्हा आणखी राग आला. असं कुणी सांगतं का? येऊन आधी ते सांगायचं नाही? मी त्या माणसावर तीन तास मनातल्या मनात ओरडत होते आणि तो बहिणीला पोचवून आला होता. चार शब्द बोलायला हवे होते. मला ते कधीच जमत नाहीत. मी स्वयंपाकघरातून त्यांचं ताट आणून शेजारी ठेवलं. त्यांनी ते तसंच ठेवलं.

"घास वाळला डब्यातला," ते म्हणाले.

"पाणी मुलींना लागतं."

"लागतं की. मी कुठं काय म्हनलं." पोट चोळणं चालूच. मग एकदम हात थांबला. त्यांनी फौजदाराला उचलून खालच्या फडक्याकडे पाहिलं, कंदील जवळ ओढला. "दोन," म्हणाले. "जिऱ्याएवढ्या."

मीसुद्धा वाकून पाहिलं. जिऱ्याएवढ्या दोन लेंड्या. त्यांच्याकडे मी आयुष्यात कधी असं पाहिलं नव्हतं.

"म्हणजे बरा होईल?"

"सुरू झालंय. पर हिरवं लागंल सकाळच्या पारी. नुसत्या पेजंवर न्हाई टिकायचा, पोट परत थांबंल. आनि मी उठलो तर ह्याला थेंब कोन देनार?"

हिरवं आणायचं कुठून? त्या फेब्रुवारीत शेवगावच्या बाजारात कांदे, वाळल्या मिरच्या आणि धूळ यांखेरीज काही नव्हतं. मामा म्हणाले, "छावनीत सकाळी ट्रक येतो. उसाचं वाढं असतंय." वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. गावाबाहेर गुरांची छावणी होती. कारखान्याच्या भागातून तिथं तो पाला यायचा आणि गुरांना मोजून वाटायचे.

"ती गुरांसाठी आहे, मामा. लोकांची जित्राबं मरायला टेकली आहेत. त्यातलं मी उंदरासाठी मागू?"

मामांनी ड्रॉपर भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींची प्रार्थना कौसल्यावर सोपवून मी छावणीत गेले. पायी, पदर डोक्यावरून घेऊन. पण शेवगावात मला न ओळखणारं कोण? बैल, गाई, खंगलेल्या म्हशी ओळीनं बांधलेल्या, आणि ट्रकपाशी माणसांची रांग. मी रांगेत उभी राहिले. पुढचा माणूस सरकून म्हणाला, "बाई, पोरींच्या खायाची सुकडी तिकडं मिळती, तहशिलीत."

"मला वाढं हवं आहे."

टेबलामागच्या कारकुनानं मान वर केली. "किती जनावरं?"

"एक. आणि पेंढी नको, एकच वाढं पुरेल."

"एका वाढ्यानं कुठल्या गाईचं भागतंय?"

"गाय नाही. गिनीपिग आहे."

ते काय असतं, ते मला सांगावं लागलं. हातानं लांबी दाखवावी लागली. कारकून खुर्चीत मागे रेलून हसला. शेजारच्याला हाक मारली, "ओ, आईका! बाईंनी उंदीर आनलाय छावनीत!" दोघं हसले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तो आजारी आहे. तीन दिवस त्याचं रवंथ बंद होतं. ते मी बंद केलं. आता सुरू झालं आहे आणि हिरवं मिळालं नाही तर परत बंद पडेल. यात हसण्यासारखं काय आहे ते मला सांगा, मीही हसते."

रांगेत लाल मुंडाशातला एक म्हातारा होता. तो हसला नव्हता. पुढे झाला. "रवंथ बंद हुतं? शेन कदी टाकलं?"

"काल दिवेलागणीला. दोन लेंड्या. अगदी बारीक."

"पोट?"

"घट्ट होतं. चोळल्यावर मऊ झालं."

"पानी पितंय?"

"थेंबाथेंबानं पाजतो आहोत."

"मग त्याला वाढं नुसतं देऊ नगा," मागून एक बाई म्हणाली. तिच्या हातात दाव्याचं टोक होतं. "कवळं पान तेवढं काढा, बारीक कातरा. वरचं करकरीत पान आजाऱ्याला पचत न्हाई."

"आनि मीठ चाटवा," आणखी कुणी.

"मीठ बैलाला," म्हातारा म्हणाला. "एवढ्याश्याला मीठ कशाला? बाई, मीठ नगा."

त्यांची गुरं मागे हाडांच्या सांगाड्यासारखी उभी होती आणि ही माणसं माझ्याशी असं बोलत होती जणू मी म्हैस सोडून आले आहे. कारकुनाचं हसू थांबलं होतं. त्यानं रजिस्टर ओढलं, पेन झटकलं. "नोंद केल्याबिगर काडी देता येत न्हाई, बाई. गाय, बैल, म्हैस, वासरू, चारच खाने हायेत. काय लिवू?"

"वासरू लिव्ह," म्हातारा म्हणाला. "ल्हानच हाय न्हवं."

त्यानं वासरू लिहिलं. मग विचारलं, "मालक कोन?"

"मी," म्हटलं. त्याला माझं नाव सांगितलं, आडनावासकट, हुद्द्यासकट, आणि त्यानं ते बरोबर लिहिलं की नाही ते रजिस्टरवर वाकून बघितलं.